सिकलसेलच्या प्रदेशात स्वमग्नतेचे विज्ञान

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात आनुवंशिक आजार म्हटला की पहिले नाव निघते ते सिकलसेलचे. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत हा रक्ताचा आजार आदिवासी समाजांत आणि त्यांच्याबरोबरच काही दलित व इतर मागासवर्गीय समाजांतही पिढ्यानपिढ्या चालत आलेला असल्यामुळे, बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी, तिच्यात दोष दिसल्यास पुढची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी, ‘वाहक’ आणि ‘ग्रस्त’ यांतला फरक, आणि लग्न ठरवण्यापूर्वी दोन्हीकडचे अहवाल पाहावेत हा सल्ला, हे सारे येथील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. या आजाराचे जनुकशास्त्र विलक्षण सरळ आहे. जनुक म्हणजे पेशीतील डीएनएच्या लांब साखळीचा असा तुकडा, ज्यावरील रासायनिक अक्षरांच्या क्रमानुसार शरीर एखादे प्रथिन तयार करते. अकराव्या गुणसूत्रावरील, हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी भलताच घटक येऊन बसतो, आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता चारांत एक. एक अक्षर, एक प्रथिन, एक चाचणी, आणि उत्तर होय किंवा नाही.

स्वमग्नता, म्हणजेच डॉक्टर आणि आता बहुतेक पालकही जिला ऑटिझम म्हणतात ती स्थिती, या साच्यात बसत नाही. मेंदूच्या घडणीतच जिचा उगम आहे आणि जन्मापूर्वीच जिची सुरुवात झालेली असते, अशा या स्थितीत मुलाचे इतरांशी नाते जोडण्याचे आणि संवादाचे मार्ग वेगळे असतात, ठरावीक हालचाली, वस्तू किंवा क्रम यांचा आग्रह असतो, आणि आवाज, स्पर्श, उजेड यांची जाणीव कधी अतितीव्र तर कधी फार मंद असते. हाकेला वळून न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तिच्यापाशी नेणे, खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे एकच चाक बराच वेळ फिरवत राहणे, या खुणा बहुधा दुसऱ्या वर्षात ठळक होतात, पण त्यांतील कोणतीही एक खूण निदानाला पुरत नाही. निदान आजही मुलाच्या वागण्याचे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेला वाढीचा इतिहास यांवरूनच केले जाते. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही, आणि पाहताक्षणी खात्री पटावी असे मेंदूचे चित्रही नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा आणि त्यांची जनुके या दोन दिशांनी गेली काही दशके चाललेले संशोधन ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने सिकलसेलचा नमुना आधी बाजूला ठेवलेला बरा. अन्यथा प्रत्येक नव्या शोधाच्या बातमीतून चाचणीची अपेक्षा केली जाते, आणि ती मिळाली नाही की विज्ञानानेच फसवले असे वाटू लागते.

या दोन्ही विषयांच्या इतिहासातील एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९४३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समधील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे तपशीलवार वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळवून दिली. (मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांविषयी त्याआधी दीड-दोन दशके लिहिले होते, ते लेखन मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.) कॅनर यांच्या मूळ निबंधात ही अवस्था जन्मजात असावी असे म्हटले होते, पण पालकांच्या अलिप्तपणाविषयीची निरीक्षणेही त्यातच होती, आणि १९४९पर्यंत त्यांच्या लेखनातील भर आईवडिलांच्या भावनिक थंडपणाकडे सरकला. त्याच १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा एका रेणूतील बिघाडाचा आजार असल्याचे दाखवून दिले. एकाच देशात, एकाच वर्षी, एका आजाराला त्याचा रेणू सापडला आणि दुसऱ्या स्थितीच्या वाट्याला आईचा दोष आला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने हा दोषारोप घरोघरी पोचवला. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४मध्येच मेंदूच्या जैविक घडणीची बाजू मांडली होती, आणि १९६९मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. तरीही आईकडे रोखलेले बोट पुरते खाली आलेले नाही. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, मुलाच्या हाती मोबाइल दिला, आई कामावर जाते, लस टोचून आणली, कोणाची नजर लागली, अशी कारणे महाराष्ट्रात शहरांतही ऐकू येतात आणि खेड्यांतही, आणि त्यांतली बहुतेक शेवटी एकाच दारात येऊन थांबतात. लसीपुरते बोलायचे तर अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८चा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला, आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत लस व स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. जनुकशास्त्राने या क्षेत्रात अद्याप औषध दिलेले नाही की सार्वत्रिक चाचणीही दिलेली नाही. पण आईवरचा खटला उभा राहायला आधार उरू दिला नाही, आणि हे त्याचे काम कोणत्याही औषधाहून कमी मोलाचे नाही.

तो आधार प्रथम डळमळला जुळ्यांच्या अभ्यासाने. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी १९७७मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या, म्हणजे जनुके जवळजवळ पूर्णपणे सारखी असलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्या, म्हणजे सामान्य सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असलेल्या १० जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. जोड्या मोजक्याच होत्या, पण दिशा स्पष्ट होती, आणि पुढे ती टिकली. २०१९मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेतील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचे अनुमान निघाले. हा आकडा जितका उद्धृत होतो तितका समजून घेतला जात नाही. एखाद्या मुलाच्या स्वमग्नतेत ८० टक्के जनुके आणि २० टक्के परिस्थिती, असा त्याचा अर्थ नसतो. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. धानाच्या बांधीत सगळीकडे सारखे पाणी आणि सारखे खत असेल, तर रोपांच्या उंचीतला फरक बहुतांशी बियाण्याचा असतो; तेच बियाणे पाणी कुठे पोचणाऱ्या, कुठे न पोचणाऱ्या बांधीत पडले, की फरकातला पाण्याचा वाटा वाढतो, बियाणे मात्र बदललेले नसते. ज्या देशांच्या नोंदींतून ८० टक्के हा आकडा आला, तेथे गरोदरपण, बाळंतपण आणि बालकांचा आहार पुष्कळ अंशी सारखाच सांभाळला जातो. वैनगंगेच्या काठावरील गावांत तोच आकडा जसाच्या तसा निघेल असे मानण्याचे कारण नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा असूनही एक जनुक सापडत नाही, याचे स्पष्टीकरण गेल्या पंधरा-वीस वर्षांत हळूहळू आकाराला आले. एका बाजूला लोकसंख्येत सर्रास आढळणारे, एकेकटे नगण्य परिणाम करणारे हजारो बदल असतात, जे प्रत्येक माणसात कमीअधिक असतातच, आणि त्यांची बेरीज एका बाजूला झुकली तर स्वमग्नतेची शक्यता वाढते; २०१९मध्ये अठरा हजारांहून अधिक स्वमग्न व्यक्तींच्या तपासणीतून असे केवळ पाच ठिकाणचे बदल पुरेशा खात्रीने ओळखता आले. दुसऱ्या बाजूला फार दुर्मीळ, पण एकट्यानेच मोठा परिणाम करणारे बदल असतात. २००७मध्ये बाविसाव्या गुणसूत्रावरील शँक-३ या जनुकातील बिघाडाचा स्वमग्नतेशी संबंध दाखवला गेला. दोन चेतापेशी जेथे एकमेकींना संदेश देतात त्या सांध्याला, म्हणजे सिनॅप्सला, आधार देणारे प्रथिन हे जनुक घडवते. २०२०पर्यंत अशा जनुकांची यादी १०२वर पोचली. त्यांतील बरीचशी दोन कामांत गुंतलेली आहेत, चेतापेशींमधील संदेशवहन आणि इतर जनुकांच्या कामाचे नियंत्रण, आणि त्यांतली पुष्कळ गर्भावस्थेच्या मधल्या महिन्यांत वाढत्या मेंदूत कार्यरत असतात, म्हणजे मूल पहिली हाक ऐकण्याच्या, पहिला मोबाइल पाहण्याच्या कितीतरी आधी.

सिकलसेलच्या नमुन्यापासून सर्वांत दूर नेणारी गोष्ट पुढेच आहे. या दुर्मीळ बदलांपैकी अनेक बदल आई किंवा वडील कोणाच्याही रक्तात नसतात. ते बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना नव्याने घडलेले असतात. प्रत्येक मूल असे साठ-सत्तर नवे बदल घेऊनच जन्माला येते, वडिलांचे वय वाढते तशी त्यांची संख्याही काहीशी वाढते, आणि त्यांतले जवळजवळ सगळे निरुपद्रवी असतात. क्वचित एखादा मेंदूच्या घडणीसाठी कळीच्या जनुकावर पडतो. अशा वेळी कोणीच ‘वाहक’ नसतो. ‘आमच्या दोन्ही घराण्यांत असे कोणी नाही’ हे वाक्य पालक तक्रारीच्या सुरात म्हणतात, आणि ते खरेही असू शकते. त्याने जनुकीय कारण खोटे ठरत नाही. याच्या उलट, बदल वारशाने आलेला असूनही घरातल्या घरात त्याचे रूप पालटू शकते. सोळाव्या गुणसूत्रावरील एक छोटा तुकडा गळालेला असेल तर एखादे मूल स्वमग्न असते, तर तोच तुकडा गळालेली आई किंवा वडील शिकून-सवरून संसार करत असतात; तोच तुकडा दुप्पट झाला, तर वेगळ्याच अडचणी दिसू शकतात. चारांत एक असे ठोक उत्तर देण्याची सवय लागलेल्या समुपदेशकाला येथे अडखळावे लागते. अपवाद आहे तो फ्रॅजाइल एक्ससारख्या स्थितींचा. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांचा एकच गट दोनशेहून अधिक वेळा पुन्हापुन्हा येतो, तेव्हा ते जनुक बंद पडते. स्वमग्न मुलांपैकी एक-दोन टक्क्यांतच हे कारण सापडत असले, तरी ते सापडल्यास मावशी, मामा, मावस-मामेभावंडे या सगळ्यांना त्याचा अर्थ असतो. म्हणून बौद्धिक विकासही मागे राहिलेल्या मुलांसाठी ही तपासणी, आणि गुणसूत्रांचे गळालेले वा वाढलेले तुकडे शोधणारी मायक्रोअरे तपासणी, यांना अर्थ आहे. बहुतेक मुलांत त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही, आणि काही निष्पन्न न होणे म्हणजे मूल स्वमग्न नाही असेही नव्हे.

मेंदूच्या प्रतिमांचा मार्ग याहून नवा आणि याहून अधिक मोहात पाडणारा आहे. एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवून, रेडिओलहरींचे धक्के देऊन, त्यांच्याकडून परत येणाऱ्या क्षीण संकेतांवरून चित्र उभारले जाते. त्याच यंत्रातून तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहता येतात: मेंदूच्या भागांचा आकार आणि पृष्ठभाग, एका भागाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तंतूंच्या जुड्यांची दिशा, आणि रक्तातील प्राणवायूच्या सूक्ष्म फरकावरून अंदाजलेले, कोणते भाग एकाच लयीत काम करतात याचे चित्र. यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा, आणि थोडीशी हालचालही चित्र बिघडवणारी. म्हणून संशोधनासाठी बाळांच्या प्रतिमा घेताना त्यांना औषधाने गुंगी न देता, रात्रीच्या वेळी, दूध पाजून, कानांवर संरक्षक आच्छादन ठेवून, नैसर्गिक झोपेत यंत्रात ठेवले जाते, आणि ते जागे झाले की त्या रात्रीचे काम तेथेच संपते.

स्वमग्न मुलांच्या डोक्याचा घेर जन्माच्या वेळी मोठा नसतो, पण पहिल्या वर्षात तो नेहमीपेक्षा झपाट्याने वाढतो, असे एरिक कुर्शेन यांच्या गटाने २००३मध्ये मांडले. हे निरीक्षण सर्व मुलांना लागू पडत नाही हे पुढे दिसले, तरी त्यामुळे नजर पहिल्या वर्षाकडे वळली. अडचण अशी, की पहिल्या वर्षात स्वमग्नतेचे निदानच होत नाही. यावर तोड निघाली ती धाकट्या भावंडांची: ज्या घरात एक मूल स्वमग्न आहे, तेथे पुढचे मूलही स्वमग्न असण्याची शक्यता सुमारे पाचांत एक असते, म्हणून अशा बाळांचा जन्मापासून माग ठेवला आणि दोन वर्षांनी निदान केले, तर मागे वळून त्यांच्या आधीच्या प्रतिमा तपासता येतात. हेदर हॅझलेट, जोसेफ पिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६, १२ आणि २४ महिन्यांच्या प्रतिमा होत्या. पुढे स्वमग्न ठरलेल्या बाळांत ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान मेंदूच्या बाह्यावरणाचा पृष्ठभाग अधिक वेगाने पसरलेला होता, आणि त्यानंतर, दुसऱ्या वर्षात, मेंदूचे एकूण आकारमान वाढले. ते वाढत असतानाच सामाजिक वागण्यातील वेगळेपण उमटू लागले. संगणकाला या मापांवर शिकवून पाहिले, तेव्हा पुढे स्वमग्न ठरलेल्या ३४ बाळांपैकी ३० बाळे त्याने पहिल्या वर्षाच्या प्रतिमांवरून ओळखली, आणि स्वमग्न न ठरलेल्या १४५ बाळांपैकी फक्त ७ बाळांवर चुकीचा शिक्का मारला.

वर्तमानपत्री मथळ्यांत ‘सहा महिन्यांच्या बाळात ऑटिझमचे निदान’ असे जे छापले जाते, त्याचे मूळ अशा निष्कर्षांत असते, आणि थोडे अंकगणित केले तर तो मथळा गळून पडतो. या अभ्यासातील बाळे आधीच जास्त शक्यतेच्या घरांतली होती. हेच संगणकीय सूत्र, तितक्याच अचूकतेने, कोणत्याही गावातील सरसकट एक हजार बाळांवर वापरले, आणि त्यांत स्वमग्न मुले शेकडा एक या हिशेबाने १० असतील असे धरले, तर त्यांपैकी ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० बाळांपैकी पन्नासएक बाळांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे ज्या साठेक घरांत ही बातमी जाईल, त्यांतील पन्नास घरांत ती खोटी असेल. शिवाय हे सूत्र ज्या गटावर शिकले त्याच गटात तपासले गेले होते. दुसऱ्या देशात, दुसऱ्या यंत्रावर ते तितकेच चालते असे सिद्ध झाल्याशिवाय त्याला चाचणी म्हणता येत नाही.

प्रतिमासंशोधनाला स्वतःच्याच पायाची तपासणी करावी लागली, ती २०१२च्या सुमारास. स्वमग्न मेंदूत जवळच्या भागांतील जोडण्या अधिक आणि दूरच्या भागांतील जोडण्या कमी असतात, असा एक देखणा सिद्धांत तोपर्यंत बराच रूढ झाला होता. मग लक्षात आले की यंत्रात डोके मिलिमीटरभर हलले तरी चित्रात नेमका हाच भास निर्माण होतो, आणि स्वमग्न मुले यंत्रात इतरांपेक्षा जास्त हलतात. त्या सिद्धांतातील कितीसा भाग मेंदूचा आणि कितीसा हालचालीचा, हे वेगळे काढण्यात पुढची वर्षे गेली. हालचाल टाळण्यासाठी जी मुले शांत पडून राहू शकतात तीच निवडली जातात, आणि त्यामुळे न बोलणारी, बौद्धिक अडचण असलेली, आवाजाने घाबरणारी मुले, म्हणजे ज्यांच्या कुटुंबांना उत्तराची सर्वाधिक गरज आहे ती, नमुन्याबाहेर राहतात. १७ केंद्रांतील १,११२ व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र करून सर्वांसाठी खुल्या केलेल्या अबाइड या संग्रहाने या क्षेत्राची मोठी सोय केली. पण त्या व्यक्ती बव्हंशी अमेरिका आणि युरोपातील, बव्हंशी मुलगे, आणि तान्ह्या वयाच्या पुष्कळ पुढचे. चामोर्शीतल्या दोन वर्षांच्या मुलीचा मेंदू या चित्रसंग्रहात कोठेच नाही.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात प्रश्नाचे स्वरूपही बदलते. प्रगत देशांतील संशोधक अभ्यासासाठी मुले निवडताना अकाली जन्म, जन्मतः गुदमरणे, फिट्स, मेंदूला झालेला संसर्ग असा इतिहास असलेली मुले अनेकदा वगळतात, कारण त्यांना ‘शुद्ध’ नमुना हवा असतो. येथे मेंदूत जाणारा मलेरिया हा काही ऐकीव आजार नाही, आणि कमी वजनाने जन्मणारी बाळेही सर्रास आढळतात. तशी मुले वगळली तर अभ्यासाला किती मुले उरतील हाच प्रश्न पडावा. इन्क्लेन संस्थेच्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणची २ ते ९ वर्षे वयाची ३,९६४ मुले तपासली गेली. स्वमग्नता, अपस्मार, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता अशा सात अवस्थांपैकी निदान एक अवस्था सहा वर्षांखालील ९.२ टक्के मुलांत, तर त्यावरील वयात आणखी दोन अवस्था धरून नऊपैकी निदान एक १३.६ टक्के मुलांत आढळली; आणि त्यांच्याशी निगडित निघालेल्या गोष्टींत घरी झालेले बाळंतपण, जन्मतः गुदमरणे, कमी वजन, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली वाढ यांचा समावेश होता. विदर्भ या पाहणीत नव्हता. पण ही यादी वाचताना विदर्भाच्या जंगलपट्ट्याची आठवण कोणालाही होईल. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना, म्हणजे आरोग्यदूतांना, नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचे शिक्षण देऊन ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणले, आणि १९९९मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. वाचलेल्या बाळांच्या पुढील वाढीकडे पाहणे हे त्या कामाचेच स्वाभाविक पुढचे पाऊल ठरते.

हे पाहण्याची सरकारी व्यवस्था कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रात, पालघर येथून झाली. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतील प्रत्येक मूल वर्षातून दोनदा तपासावे आणि वाढीत अडचण दिसल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. निदानासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेले, चाळीस बाबींचे भारतीय मापन वापरले जाते. त्यात ७० किंवा अधिक गुण आल्यास स्वमग्नता धरली जाते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने स्वमग्नतेला मान्यताप्राप्त २१ दिव्यांगत्वांत स्थान दिल्यापासून प्रमाणपत्राचा आधारही तेच मापन आहे. या सगळ्यात ना एमआरआय लागतो ना जनुकीय तपासणी. फिट्स येत असतील, आलेले कौशल्य मूल गमावत असेल, अंगाची एक बाजू लुळी असेल, तर एमआरआय जरूर करावा. एरवी केवळ स्वमग्नता ‘पाहण्यासाठी’ नागपूरपर्यंतचा प्रवास, गुंगीचे औषध आणि उसनवारीचे पैसे खर्चून आणलेला अहवाल बहुधा ‘सर्व सामान्य’ असा असतो, आणि त्या दोन शब्दांमुळे मुलाला काहीच झालेले नाही असा घरच्यांचा गैरसमज मात्र होतो. त्याऐवजी श्रवणतपासणी आधी झाली पाहिजे, कारण कान वाहून वाहून ऐकू येईनासे झालेले मूलही हाकेला वळत नाही.

व्यवस्थेतील खरी फट भाषेची आहे. चामोर्शी तालुक्यात झाडीबोलीच्या वळणाची मराठी आहे, गोंडी आहे, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगालीही आहे. घरात एक भाषा आणि अंगणवाडीत दुसरी असली, की मूल न बोलण्याचे कारण सहजच भाषेवर ढकलले जाते, आणि ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ या आश्वासनाला आणखी एक जोड मिळते. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्नता येत नाही, आणि स्वमग्न मुलाची घरची भाषा तोडल्याने त्याचे भलेही होत नाही. दोन्ही भाषांत मूल किती बोलते यापेक्षा ते न बोलताही काय करते, बोट दाखवते का, दाखवलेल्या दिशेने पाहते का, आणलेली वस्तू नुसती दाखवण्यासाठी आईपुढे धरते का, हे विचारणे अधिक उपयोगी पडते. आणि हे प्रश्न गोंडीत किंवा बंगालीत विचारायला यंत्र लागत नाही, ती भाषा येणारी सेविका लागते. पुढचे पाऊलही याच वाटेवरचे आहे. गोव्यातील ‘संगत’ संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी २०१६मध्ये ६५ मुलांवरील एक चाचणी प्रसिद्ध केली, ज्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळतानाचे त्यांचेच चित्रण दाखवून, मुलाच्या सूक्ष्म संकेतांना प्रतिसाद कसा द्यावा हे शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. आरोग्यदूतांच्या जिल्ह्याला ही पद्धत परकी वाटू नये.

तरीही मूलभूत संशोधनाने या भागाकडे यावे की नाही, हा प्रश्न टाळता येत नाही. एखाद्या मुलाच्या जनुकांत अपरिचित बदल सापडला, तर तो निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवण्याचा पहिला उपाय म्हणजे तो इतर निरोगी माणसांत आढळतो का हे पाहणे; आणि जगातील जनुकीय संग्रह बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्यामुळे, गोंड किंवा माडिया मुलाच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येण्याची शक्यता साहजिकच अधिक असते. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचा जीनोम इंडिया प्रकल्प हा यावरचा मोठा उपाय आहे. आपल्याकडील अनेक समाज पिढ्यानपिढ्या आपसांतच विवाह करत आल्यामुळे त्यांच्यात काही दुर्मीळ बदल एकवटलेले असतात, हे हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले. आईवडिलांकडून एकेक बदल मिळाल्यावरच उमटणारे, म्हणजे सिकलसेलच्याच नियमाने चालणारे स्वमग्नतेचे काही दुर्मीळ प्रकार अशा समाजांतच सापडण्याजोगे आहेत. वैज्ञानिकांना या प्रदेशात रस वाटण्याचे हे खरे कारण आहे, आणि सावधगिरीचेही तेच. सिकलसेलचा अहवाल फुटल्यामुळे मोडलेले लग्न ही येथे अकल्पनीय गोष्ट नाही. स्वमग्नतेचा, तोही ‘अर्थ अनिश्चित’ असा अहवाल मुलीच्या बहिणीच्या सोयरिकीत कसा वाचला जाईल, याचा विचार नमुना घेण्याआधी व्हायला हवा. जनुकीय नमुना एकाच्या सहीने घेतला जातो, पण त्यातील माहिती भावंडांची, मामाआत्यांची, कधी सगळ्या जमातीची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी आदिवासी समाजांवरील संशोधनासाठी व्यक्तीच्या संमतीखेरीज समाजाशी आधी बोलणे आवश्यक मानले आहे. या जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला अशा बोलण्याची जुनी सवय आहे: तेथे अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो, आणि सहमती होईपर्यंत निर्णय थांबतो. मेंदू आणि जनुके यांचा अभ्यास घेऊन येणाऱ्याला अशा सभेत बसून, नमुना कोठे ठेवला जाईल, किती वर्षे, अहवाल कोणाला कळेल, आणि तो समजावून सांगायला गावात पुन्हा कोण येईल, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील.